वजन, गुडघा आणि आठवड्याची सुई

गुडघेदुखीत खरी परीक्षा जिना चढताना होत नाही, उतरताना होते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना हे पटत नाही. चढताना धाप लागते म्हणून ते अवघड, उतरणं काय, आपोआप होतं, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात पुढचा पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळा देह मागच्या, वाकलेल्या गुडघ्यावर तोललेला असतो आणि मांडीचा पुढचा स्नायू तो भार हळूहळू खाली सोडत असतो. स्नायू कमजोर असेल तर देह सोडला जात नाही, आदळतो. मी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय आणत उतरते. मागचे लोक सभ्यपणे थांबतात. दुखण्यापेक्षा ते थांबणं जास्त लागतं.

हा माझा कांगावा नाही याचा पुरावा बर्लिनच्या संशोधकांनी दिला आहे. गुडघा बदलताना बसवायच्या कृत्रिम सांध्यातच त्यांनी भार मोजणारी यंत्रणा ठेवली आणि पाच जणांच्या रोजच्या हालचालींची मोजमापं २०१० मध्ये प्रसिद्ध केली. दोन पायांवर नुसतं उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर साधारण आपल्या सगळ्या वजनाएवढा भार येतो, कारण तोल सांभाळायला स्नायूही सांधा आवळून धरतात. सपाटीवर चालताना तो वजनाच्या २६१ टक्के, खुर्चीतून उठताना २४६, जिना चढताना ३१६ आणि उतरताना ३४६ टक्के. म्हणजे सत्तर किलोचा माणूस जिना उतरतो तेव्हा प्रत्येक पायरीला गुडघ्यावर दोनशे चाळीस किलोंचा भार येऊन जातो. गुडघा दुखतो याचं नवल नाही, इतकी वर्षं दुखत नाही याचं आहे.

याच गणिताचा आणखी एक आकडा गुडघेदुखीच्या प्रत्येक पेशंटला कधी ना कधी ऐकवला जातो. २००५ साली अमेरिकेतल्या एका संशोधनात वयस्क, जाड आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) असलेल्या लोकांची चाल तपासली, तेव्हा दिसलं की अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पाच किलो घटवले तर पावलाला वीस किलो. दिवसभराची पावलं मोजली तर आकडा टनांत जातो. हे ऐकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विजयी भाव असतो. झालं की मग, करा कमी.

इथे माझं डोकं फिरतं. ‘वजन कमी करा’ ही ओळ माझ्या फाईलमध्ये इतक्या वेळा आली आहे की तिचं अक्षर तेवढं बदलत गेलं, मजकूर तोच. गोळीचं नाव लिहिताना डॉक्टर मात्रा लिहितात, जेवणाआधी की नंतर ते लिहितात, किती दिवसांनी दाखवायला यायचं तेही लिहितात. वजनाच्या ओळीपुढे मात्र काहीच नाही. किती, कसं, कोणाच्या देखरेखीखाली, नाही जमलं तर पुढे काय, काही नाही. उपचाराच्या कागदावर लिहिलेला उपदेश, एवढंच त्याचं स्वरूप. आणि तो पाळला गेला नाही तर दोष कागदाचा नाही, पेशंटच्या जिभेचा.

वजन घटायला लागलं की शरीर त्याला संकट समजतं, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. चरबी कमी झाली की लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाची पातळी उतरते, भूक वाढते, शरीर कमी उर्जेत भागवायला लागतं. गुडघेदुखी असणाऱ्याला त्यात भर अशी, की दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून आणखी दुखणं. या सगळ्याला ‘मनावर घ्या’ हे उत्तर पुरत नाही.

वजनाच्या औषधांकडे मी बरीच वर्षं संशयानेच बघत होते, आणि तो संशय अनाठायी नव्हता. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपा बिघडवतं असं दिसल्यावर १९९७ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. रिमोनाबंटमुळे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येतात म्हणून २००८ मध्ये युरोपात त्यावर पडदा पडला. सिब्युट्रामीन २०१० मध्ये गेलं, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे. एवढा इतिहास असलेल्या घराण्यात नवीन औषध जन्माला आलं तर शेजारीपाजारी साशंक असणारच.

नवं औषध मात्र वेगळ्या घराण्यातलं निघालं, आणि त्याच्या पूर्वजांत चक्क एक विषारी पाल आहे. जीएलपी-१ हे आपल्या आतड्यातलं संप्रेरक जेवणानंतर स्रवतं. इन्सुलिनला चालना देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. पण रक्तात ते दोन-चार मिनिटंच टिकतं, त्यामुळे औषध म्हणून कुचकामी. गिला मॉन्स्टर नावाची अमेरिकी वाळवंटातली पाल, तिच्या विषात जॉन एंग यांना तसंच काम करणारा पण टिकाऊ पदार्थ सापडला. ते साल १९९२. त्यावरून तयार झालेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं. पुढे लिराग्लुटाइड आलं, ते रोज टोचायचं. मग सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा. आता टिर्झेपटाइड, जे दोन संप्रेरकांची कामं एकत्र करतं. (पालीचा किस्सा माझ्या मैत्रिणीला सांगितला तेव्हा तिने सुई घ्यायचा विचार आठवडाभर पुढे ढकलला. खरं तर सेमाग्लुटाइड हे माणसाच्याच संप्रेरकात थोडे फेरफार करून बनवलेलं आहे, पालीचा त्यात अंशही नाही.)

मला या औषधांमुळे किती किलो उतरतात यात फारसा रस नव्हता. गुडघ्याचं काय, हा माझा प्रश्न. त्याचं पहिलं ठसठशीत उत्तर ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. ‘स्टेप ९’ नावाची चाचणी, अकरा देशांत, ४०७ माणसं, सगळ्यांना लठ्ठपणा आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस. सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० च्या वर, आणि पाचातल्या चार बायका. दोन तृतीयांश लोकांना दर आठवड्याला सेमाग्लुटाइड, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पेनमधून काहीच नाही. आहार आणि हालचालीचा सल्ला दोघांनाही. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्यांचं ३.२.

दुखणं मोजायला त्यांनी वोमॅक नावाची प्रश्नावली वापरली. कॅनडातल्या दोन विद्यापीठांची आद्याक्षरं तिच्या नावात आहेत. तिच्यात एकूण चोवीस प्रश्न आहेत, त्यातले दुखण्याचे पाचच. सपाटीवर चालताना किती दुखतं? जिना चढता-उतरताना? रात्री अंथरुणात? बसल्या-पडल्या? सरळ उभं राहिल्यावर? मी हे पाच प्रश्न पहिल्यांदा वाचले तेव्हा कोणीतरी माझाच दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत विचारतंय असं वाटलं. विशेषतः तिसरा. रात्री कूस बदलताना एका गुडघ्याचं हाड दुसऱ्यावर टेकलं की जी कळ जाते, तिच्याबद्दल कुठल्याच तपासणीत मला कोणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. रात्रीचं दुखणं हे काही सांगण्यासारखं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं.

शंभरपैकी सुमारे ७१ गुणांपासून सगळ्यांनी सुरुवात केली होती. म्हणजे बऱ्यापैकी जोराचं दुखणं. औषध घेणाऱ्यांचं ते ४१.७ गुणांनी उतरलं. निम्म्याहून जास्त. गुडघ्याच्या दुखण्यासाठी वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांची मजल लक्षात घेतली तर हा आकडा लहान नाही.

पण मी जास्त वेळ थबकले ते दुसऱ्या आकड्यापाशी. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचंही दुखणं २७.५ गुणांनी उतरलं होतं. वजन जेमतेम तीन टक्के घटलेलं, पेनमध्ये औषधाचा टिपूस नाही, आणि तरी एवढा आराम. यात काही भाग आशेचा असणार. काही भाग असा, की दुखणं शिगेला असताना माणूस चाचणीत जातो आणि ते तसंही थोडं ओसरतं. पण आणखी एक गोष्ट त्या गटाला मिळाली होती, जी मला कधी मिळाली नव्हती. वर्षभराहून अधिक काळ कोणीतरी नियमाने त्यांना बोलावत होतं, दुखण्याचे ते प्रश्न विचारत होतं, खाण्याबद्दल आणि चालण्याबद्दल त्यांच्याशी बोलत होतं आणि पुढची तारीख देत होतं. ‘वजन कमी करा’ ही ओळ त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच उपचारासारखी वागवली गेली होती. खऱ्या औषधाची कामगिरी यामुळे कमी होत नाही, चौदा गुणांचा फरक उरतोच. पण ते चौदा गुण मिळवायला सुई लागते आणि आधीचे सत्तावीस मिळवायला कदाचित लागत नाही, हे कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही.

सुईशिवायचा पुरावाही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ चाचणीत ४५४ लोकांना अठरा महिने तीन गटांत ठेवलं. एका गटाला फक्त आहार, एकाला फक्त व्यायाम, एकाला दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांचं वजन अकरा टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि दुखणं व चालणं दोन्ही बाबतींत ते पुढे राहिले. तिथेही माणसांना आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेणारी माणसं होती. घरी जाऊन तुमचं तुम्ही बघा असं म्हटलं नव्हतं.

सगळे निकाल एका दिशेने जात नाहीत, हेही लिहायला हवं. २०२१ मध्ये डेन्मार्कमधली लिराग्लुटाइडची चाचणी आली. १५६ लोक, आधी आठ आठवडे कडक आहार, मग वर्षभर औषध. वजन आणखी थोडं घटलं, पण गुडघ्याच्या दुखण्यात औषध आणि नकली औषध यांत फरक दिसला नाही. आधीच्या आहारानेच बराच आराम पडून गेला होता, त्यानंतर उरलेल्या दोन-चार किलोंनी काय होणार, असा एक अर्थ निघतो. मला तो पटतो. सुई टोचली की गुडघा बरा, असं समीकरण नाही. वजन मुळातच जास्त असावं लागतं, भरपूर घटावं लागतं, आणि दुखणं मोठं असेल तर फरक जाणवतो. बीएमआय २४ असलेल्या माणसाने गुडघ्यासाठी हे इंजेक्शन मागायला जाऊ नये.

मग सगळा खेळ भाराचाच का? तसं असतं तर जाड माणसांना हाताच्या बोटांचा ऑस्टिओआर्थ्रायटिस जास्त झाला नसता, कारण बोटांवर कोणी चालत नाही. पण तो जास्त होतो. चरबी ही नुसती साठवण नसते, ती सतत रसायनं सोडत असते, आणि त्यातली काही सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आणतात. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं जुनं, साधं औषध. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १०७ जणांच्या लहानशा चाचणीत सहा महिन्यांत त्याने गुडघेदुखी नकली औषधापेक्षा जास्त कमी केली. मधुमेह नसलेल्या लोकांत. चाचणी छोटी आहे, त्यावर इमला बांधू नये. पण सांध्यात फक्त दोन हाडं एकमेकांवर घासत नाहीत, तिथे जिवंत कारभार चालतो, एवढं त्यातून कळतं.

आणि म्हणूनच एक्स-रे बघून म्हटल्या जाणाऱ्या ‘हाडांतला गॅप कमी झालाय’ या वाक्याची मला चीड येते. एक्स-रेवरून गुडघ्याची शून्य ते चार अशी प्रतवारी करण्याची पद्धत १९५७ पासून चालत आली आहे. पण फोटोतली ग्रेड आणि माणसाचं दुखणं यांची गाठ पडेलच असं नसतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, मज्जातंतूच नसतात, ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते खालचं हाड, अस्तर, भोवतालचं आवरण. कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं, असं करत ती सांध्यातल्या वंगणातून पोषण घेते. म्हणजे चालणं थांबवलं तर तिचीच उपासमार. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवेल असं एकही मान्यताप्राप्त औषध आज नाही, आणि सेमाग्लुटाइडही ते करतं असं त्या चाचणीत कुठे म्हटलेलं नाही. त्यांनी दुखणं मोजलं, कूर्चा नाही.

मी हे इंजेक्शन घेते. डॉक्टरांनी सगळा इतिहास विचारून सुरू केलं. स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला होता का. हे प्रश्न न विचारता कोणी पेन हातात देत असेल तर तिथून उठावं. डोस अगदी कमी, मग हळूहळू वाढवत. वाढवला की पोटात मळमळ आणि बद्धकोष्ठ, ठरलेलं. भूक मेली असं नाही झालं. डोक्यात सतत चालणारी खाण्याची कुजबुज तेवढी थांबली. आणि ती थांबल्यावर राग आला. एका संप्रेरकाची थोडी नक्कल आठवड्यातून एकदा टोचली की जे होतं, त्यासाठी माझ्या मनोनिग्रहाचे इतकी वर्षं जाहीर वाभाडे निघाले होते.

वजन उतरलं. गुडघा हलका झाला. आणि एक नवीन गोष्ट झाली, जी मला काट्याने सांगितली नाही, फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितली.

“काकू, खुर्चीचे हात सोडा.”

“सोडलेत की.”

“बोटं टेकलेली आहेत. छातीवर हात ठेवा आणि उठा.”

उठता येईना. पाय होते, वजन कमी होतं, पण मांड्यांत ताकद नव्हती. ढुंगण खुर्चीवरून चार बोटं वर आलं, तिथे मांड्या थरथरल्या, आणि मी पुन्हा बसले. धपकन. तिने सांगितलेलं नंतर मी वाचूनही काढलं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत काही लोकांच्या शरीराचं स्कॅन केलं होतं. घटलेल्या वजनातला जवळपास चार दशांश भाग चरबीचा नव्हता, बाकीच्या मऊ ऊतींचा होता. तो सगळाच स्नायू असतो असं नाही, त्यात पाणी आणि अवयवही मोजले जातात, आणि कसंही वजन घटवलं तरी असं काही प्रमाणात होतंच. पण गुडघ्याच्या माणसाला मांडीचा पुढचा स्नायू गमावणं परवडत नाही. भार कमी झाला आणि भार पेलणाराही कमी झाला, तर हाती काय उरलं?

तिने मला खुर्चीवर दोन जाड उशा दिल्या. बैठक उंच झाली की उठणं सोपं होतं. मग एक उशी काढायची. मग दुसरी. बसताना पटकन बसायचं नाही, मनात चार आकडे मोजत खाली जायचं, कारण उतरताना लागतो तो नेमका हाच स्नायू. पायाला रबरी पट्टा बांधून बाजूला पाय नेणं, भिंतीला पाठ लावून सरकणं. जेवण कमी झालेलं असताना प्रथिनं मात्र कमी होऊ द्यायची नाहीत, हे तिने दर वेळी विचारून विचारून डोक्यात बसवलं. सुईने यातलं काहीही होत नाही. सुईने एवढंच केलं, की हे करण्याइतका गुडघा शांत झाला. त्याआधी हेच व्यायाम मला दिले होते, छापील कागदावर, आकृत्यांसकट. तेव्हा दुसऱ्या दिवशी पाऊल टाकवत नव्हतं.

आता माझ्यापुढे जो प्रश्न आहे त्याचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही. हे कुठवर घ्यायचं? सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं स्टेप १ चाचणीतल्या लोकांचा पुढे पाठपुरावा केल्यावर दिसलं. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो, तसंच हे, असं डॉक्टर म्हणतात, आणि तर्काला ते बरोबरच आहे. फक्त परत येणारं वजन बहुतेक चरबीच्या रूपात येतं, स्नायूच्या नाही, ही धास्ती गुडघेवाल्याला जास्त. दुखणंही परत येतं का, किती येतं, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं असतं, आणि तिथे ते सावध बोलतात. मला ते सावध बोलणं आवडतं.

गुडघा बदलण्याचा विषय अजून टेबलावर आहे. काही जणांना तो टळू शकतो. ऑस्ट्रेलियात ८२ लोकांच्या एका चाचणीत सांधेबदलाआधी वजनाची शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी २९ टक्के लोकांनी दुखणं कमी झालं म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रियाच नाकारली. ती शस्त्रक्रिया होती, इंजेक्शन नव्हे, त्यामुळे आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. आणि ऑपरेशन ठरलंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईबद्दल आधी सांगणं भाग आहे, कारण जठर सावकाश रिकामं होतं आणि उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं. हे मी फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय.

गेल्या भेटीत डॉक्टरांनी वजन लिहिलं, आधीच्या आकड्याशी ताडून पाहिलं आणि खूश झाले. डोस आणखी वाढवायचा का, असं विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर, त्याच्याखाली आणखी एक रकाना करा. अर्ध्या मिनिटात हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, तो. ही चाचणी काही मी शोधलेली नाही, फिजिओथेरपीत ती नेहमीची आहे. त्यांनी पट्टी घेऊन रेघ मारली. डोस सध्या आहे तेवढाच ठेवलाय, आणि वाढवायचा की नाही हे पुढच्या तारखेला दोन्ही रकाने बघून ठरवायचं आहे.